दारासमोरचा सांधा

सोमवार, ७ एप्रिल

दूध उतू जाऊ नये म्हणून मी गॅस बारीक केला होता, नळाखाली पिंप भरत होतं आणि आतून ह्यांचा खोकला ऐकू येत होता. गेल्या वर्षीची सकाळ ती. विशेष काही नव्हतं तिच्यात. भांडी विसळलेलं पाणी बादलीत घेतलं, दार उघडलं आणि रोजच्यासारखं उंबरठ्यासमोर ओतलं. रोज ते पाणी गल्ली ओलांडून गटाराकडे जायचं. त्या दिवशी थोडं पुढे गेलं, काँक्रीटच्या दोन लाद्यांमधल्या सांध्यापाशी थबकलं आणि काहीतरी विसरल्यासारखं माघारी आलं. पायाला गार लागलं तेव्हा कळलं.

मी ओरडले, "अहो, पाणी परत येतंय!"

आतला खोकला थांबला. "कुठल्या सांध्यावरून?"

"आपल्याच दारासमोरच्या."

आत गेले तर हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. पुढे महिन्याभरात गेलेच.

ती सकाळ आज आठवली, कारण आज नगरपालिकेचा माणूस माझ्या भिंतीवर पांढरी रेघ मारून गेला. मी विचारलं, ही कसली? म्हणाला, नवा रस्ता इथपर्यंत येणार. काँक्रीटच्या लाद्या वरखाली झाल्यात, चाकं आपटतात, माणसं ठेचकाळतात. आता वरून डांबराचा जाड थर देऊन सगळं झाकून टाकायचं. रेघ माझ्या उंबरठ्याच्या वीतभर वर आहे. म्हणजे गल्लीत पडेल ते सगळं पाणी माझ्या दोन खोल्यांत.

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "आई, बरंच झालं. एकदाचा निकाल लागला. सामान बांध आणि माझ्याकडे ये."

बरंच झालं म्हणे! त्याच्याकडे दार उघडलं की जिना लागतो. बादली ओतायची तर कुणाच्या डोक्यावर?

मी जाणार नाही. इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या माझंच मन डगमगलं तर त्याला वाचून दाखवता येईल.

बुधवार, ९ एप्रिल

मुकादम आले होते. ह्यांच्याबरोबर जन्मभर काम केलेले, आता काठी टेकत चालतात. हे गेल्यापासून एक दिवसाआड येतात, चहा पितात, दारासमोरच्या सांध्याकडे बघत बसतात आणि उठून जातात. मला वाटतं, घरी सुना बोलू देत नसाव्यात.

ही गल्ली ह्यांच्याच टोळीने घातली. तेव्हा मी नवी नवरी नव्हते, पण पोटुशी होते. लाद्यांवर ह्यांनी झाडू ओढून काढलेल्या रेषा अजून दिसतात, कपाळाला आठ्या असाव्यात तशा. मुलगा झाला त्या दुपारी हे गल्लीतूनच धावत आले होते, पोटऱ्यांपर्यंत ओलं काँक्रीट. सुईण कडाडली, "आधी पाय धू, मग बाप हो!" ते डाग पुढे कितीतरी दिवस उंबरठ्यावर होते. मी मुद्दाम घासले नाहीत.

कामावर जाताना हे दारासमोरच्या सांध्याशी रोज क्षणभर थांबायचे, टाचेने ठोकून बघायचे. बाकीचे सांधे ओलांडून सरळ जायचे. आपल्या हातच्या कामाचा अभिमान, दुसरं काय.

मुकादमांना विचारलं, "सांध्यात सळया असतात ना? हे सांगायचे, एका लादीत अर्ध्या गाडलेल्या, दुसरीत अर्ध्या ग्रीस लावून सोडलेल्या. दोघींनी हात धरलेले, पण मुठी सैल. उन्हात लादी पुढेमागे सरकेल, पण खालीवर व्हायची नाही. मग ही का खचली?"

"ट्रक, वहिनी. तेव्हा हातगाड्या होत्या. आता गोदामाचे ट्रक."

"पण सळया तर आहेत ना?"

"असतील की," ते कपात बघून म्हणाले. म्हातारे झालेत. पूर्वी 'असतील' म्हणणारे नव्हते.

शुक्रवार, ११ एप्रिल

वाचनालयातून रस्त्यांचं जाडजूड पुस्तक आणलं. ग्रंथपाल म्हणाला, "काकू, कादंबऱ्या संपल्या का?" मी म्हटलं, "यातही कोण खचतं, कोण सावरतं, हेच आहे."

मी शाळेत गेले नाही. हे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या घरी आणायचे, त्यावरून अक्षरं लावत गेले. मला वाचता आलेले पहिले शब्द 'कोरड्या जागी ठेवा'. ह्यांना शेवटपर्यंत वाचता आलं नाही. जेवण झालं की मी वाचायचे आणि हे भिंतीला टेकून ऐकायचे. आवडलं की म्हणायचे, "ते परत म्हण." आता मी फळीवरच्या त्यांच्या पाणसळीकडे, सपाटी बघायच्या त्या बुडबुड्याच्या पट्टीकडे, बघून वाचते. ती काही परत म्हण म्हणत नाही.

पुस्तकात लिहिलंय ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. सांध्यातून पाणी खाली जातं. वरून चाक गेलं की लादी दबते आणि ते पाणी माती घेऊन पिचकारीसारखं बाहेर येतं. असं होत होत खाली पोकळी होते आणि लादी बसते. उपायही आहे. लादीला भोकं पाडून खाली सिमेंटचा पातळ घोळ दाबायचा, लादी हळूहळू वर येते. मग आडव्या खाचा कापून सळया बसवायच्या.

पुस्तक घेऊन बसले होते तेवढ्यात नगरपालिकेची इंजिनिअर पोरगी स्कूटरवरून आली. तिला पान उघडून दाखवायला गेले तर ती हसली.

"काकू, हे मला परीक्षेत होतं. खालची माती वाहून गेलीय, मला लादीचा आवाज ऐकूनच कळलं."

"मग डांबर का?"

"कारण डांबर मंजूर आहे. मी लादी उचलायचंच म्हटलं होतं. साहेब म्हणाले, वेळ कुठाय. घोळ दाबायचं यंत्र धरणाच्या कामावर आहे, ते मोकळं व्हायला अजून पंधराएक दिवस. डांबरवाले सोमवारी सकाळी येणार."

मग तिने माझ्या बादलीकडे पाहिलं. बराच वेळ. म्हणाली, "सोमवारी पाणी नका ओतू हं, काकू. ओल्या जमिनीवर डांबर धरत नाही, टाकताच येत नाही. अगदी थोडी ओल असली तरी. लक्षात राहील ना?" आणि हेल्मेट घालून गेली.

मला पाणी ओतू नका म्हणणारी ही कोण? पोरगी हुशार आहे, पण बोलायची रीत नाही.

सोमवार, १४ एप्रिल

पहाटेच उठले आणि गल्ली धुवायला घेतली. माझ्या दारापासून सुरुवात केली ती गल्लीच्या तोंडापर्यंत. डांबरवाले आले तेव्हा माझा पदर खोचलेला, हातात खराटा.

त्यांचा मुख्य म्हणाला, "अहो बाई, हे काय?"

"धुतेय."

"आम्हाला डांबर टाकायचंय!"

"टाका की. मी कुठे तुमचा हात धरलाय?"

"ओल्यावर टाकता येत नाही!"

"अगं बाई, हो का? वाळेल हो."

ते सावलीत बसले. उन्हाने लाद्या वाळत आल्या तशी मी दुसरी बादली काढली. तो उठून उभा राहिला. "आता परत?"

"मघाशी तुमची माणसं चिखलाचे बूट घेऊन फिरली ना त्यावरून. मला घाण खपत नाही."

शेजारची शिंपीणबाई खिडकीतून ओरडली, "काय गं, लग्न काढलंयस की काय?"

"काढलंय. डांबराचं. मुलगी नको म्हणतेय."

गल्लीत हशा पिकला. डांबराची गाडी दुपारी आल्या पावली परत गेली. गार झालेलं डांबर शिव्या देण्याच्याही कामाचं राहत नाही, असं त्यांचा ड्रायव्हर म्हणाला.

हात भरून आलेत. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

गुरुवार, १७ एप्रिल

रोज येतात, रोज धुते. काल शिंपीणबाई स्वतःची बादली घेऊन उतरली. वर म्हणते, "माझ्या दारासमोरचं मी धुणार. तुझा खराटा कोपरे सोडतो." आज तिची जाऊ आली. मग पलीकडची नर्स, रात्रपाळी करून, डोळे चोळत.

समोरच्या गोदामवाल्याला मात्र डांबर हवंय. त्याला सगळी गल्ली भोंगा म्हणते, कारण तो कानात सांगतो तेही पलीकडच्या गल्लीत कळतं. भोंगा म्हणाला, "काकू, माझे ट्रक आपटतात! साबणाच्या पेट्या फुटतात! तुमच्या एका उंबरठ्यापायी आम्ही किती सोसायचं?"

मी ह्यांची पाणसळ घेऊन त्याच्याकडे गेले. एक लांब फळी, वर पाणसळ, एक टोक भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेला, दुसरं त्याच्या गोदामाच्या दारात. मधला बुडबुडा मध्यावर आणला. त्याचा उंबरठा माझ्याहून खाली निघाला.

भोंग्याने फळीकडे पाहिलं, साबणाच्या पेट्यांकडे पाहिलं. जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "आयला."

संध्याकाळी त्याने पाण्याचा पाइप पाठवला.

शनिवार, १९ एप्रिल

मुकादम म्हणाले, "वहिनी, गल्ली वाचवताय की बुडवताय?" आणि काठीने सांधा दाखवला. भोंग्याचा ट्रक त्यावरून गेला. फस्सकन गढूळ पाणी उडालं, माझ्या भिंतीपर्यंत. माझंच पाणी. मी धुते ते सगळं त्याच फटीतून खाली जातंय आणि उरलीसुरली माती घेऊन वर येतंय. पुस्तकातलं चित्र मी शिंपीणबाईलासुद्धा दाखवलं होतं, आणि मलाच सुचलं नाही!

धुणं थांबवलं तर डांबर. धुतलं तर लादी आणखी खचणार.

दुपारभर विचार केला. मग भोंग्याकडून अर्धी गोणी सिमेंट आणलं, वाळू चाळली, ह्यांची थापी काढली आणि सांधा या टोकापासून त्या टोकापर्यंत ठासून भरला. खोलवर, गच्च, म्हणजे गल्ली धुतली तरी पाणी खाली जायला नको. वरून उतार काढून गुळगुळीत केला, म्हणजे चाकही आपटायला नको. थापीची मूठ ह्यांच्या हाताने झिजून मधोमध खोलगट झालीय. माझा हात त्यात बसत नाही, पण चालवला.

सगळे बघायला आले. शिंपीणबाई म्हणाली, "शिवण कळूनच येत नाही हो." इतकं बरं वाटलं. एक वर्ष ती फट माझ्याकडे बघत होती. आज पहिल्यांदा दार उघडं टाकून बसले.

मंगळवार, २२ एप्रिल

भर दुपारी, रांजण फुटावा तसा आवाज झाला. बाहेर गेले. कडक ऊन. दोन्ही लाद्या तापून फुगल्या आणि माझ्या सिमेंटने त्यांना सरकायला जागाच ठेवली नव्हती. लादीच्या कडेचा हातभर लांब टवका उडून पडलाय. ह्यांनी झाडू ओढलेल्या रेषांसकट.

तो तुकडा उचलून घरात आणला. कुठे ठेवावा कळेना. मांडीवर घेऊन बसले.

बुधवार, २३ एप्रिल

मुकादमांवर तोंड टाकलं. "मी भरत होते तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी दुसऱ्या दिवशी आलो, वहिनी. तोवर तुम्ही भरून मोकळ्या. सांधा भरून टाकायचा नसतो. फट ठेवायचीच असते. फक्त त्यात मऊ काहीतरी घालायचं, म्हणजे पाणी जायचं नाही आणि तो हलूही शकेल."

"एवढं साधं मला माहीत नाही?"

"माहीत होतं हो तुम्हाला," ते म्हणाले. "ती फट बघवत नव्हती इतकंच."

मला राग आला. त्यांना चहा दिला नाही. ते तसेच बसून राहिले म्हणून मग दिला.

मुलाचा फोन आला. म्हणाला, शनिवारी येतो, टेम्पो घेऊनच. मी म्हटलं, ये. टेम्पो नको.

फोन ठेवल्यावर कपाट उघडून बसले. काय काय न्यावं लागेल ते बघत. खोटं कशाला लिहू? बघत होते. ह्यांचे दोन सदरे हातात घेतले. मग पहिलं पान काढलं आणि वाचलं. मी जाणार नाही. मोठ्याने वाचलं. कपाट लावून टाकलं.

गुरुवार, २४ एप्रिल

इंजिनिअर पोरगी आली. उडालेल्या टवक्याचे आणि फुटक्या कडेचे मोबाइलवर फोटो काढले. मी म्हटलं, "ही माझी करणी आहे, साहेबांना सांग हवं तर."

ती म्हणाली, "साहेबांना एवढंच सांगते की कड फुटलीय. फुटक्या कडेवर डांबर टाकलं की महिन्यात खड्डा. आता सांधा कापून दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही." आणि म्हणाली, यंत्र शनिवारी मोकळं होतंय, एक दिवस इकडे आणते, पण सकाळपासून एकही गाडी गल्लीत नको. या एका सांध्यावर पाणी गटाराकडे वळलं तर बाकीचे खचलेले दोन सांधेही असेच उचलायचे, नाही वळलं तर डांबर. साहेबांशी असं बोलून ठेवलंय.

भोंगा तिथेच उभा होता. "ट्रक मी थांबवतो!" ते बहुधा साहेबांनाही ऐकू गेलं असावं.

जाताना पोरगी म्हणाली, "काकू, तुम्ही गल्ली धुतलीत म्हणून यंत्र येईपर्यंत वेळ मिळाला बघा."

मी म्हटलं, "तू तर नको म्हणाली होतीस."

ती नुसती हसली. आजकालच्या मुली स्वतःचं बोलणंही लक्षात ठेवत नाहीत.

सोमवार, २८ एप्रिल

दोन दिवस लिहायला वेळ झाला नाही. शनिवारचं आधी.

मुलगा उजाडताच आला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशीच भोंग्याने अडवला. "आज चाकबंद!" मुलगा चालत आला, मला वाकून नमस्कारही न करता म्हणाला, "आई, वेड लागलंय का तुला? सगळी गल्ली नादी लावलीस." मी म्हटलं, "चहा घे. मग भांड."

कामगारांनी फुटका भाग कापून काढला. खाली दोन्ही लाद्यांची तोंडं दिसली. सरळ, गुळगुळीत, कोरी. पोरगी खाली वाकली, हात फिरवला. "काकू, यात सळयाच नाहीत. एकही नाही. इथे दिवसाचं काम थांबवलेलं दिसतंय. थांबवताना भोकांची फळी लावतात, त्यातून सळया बाहेर ठेवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशीची लादी त्यांना धरते. इथे साधीच फळी लावून काम बंद केलंय."

माझा कानांवर विश्वास बसेना. ह्यांच्या हातून? जो माणूस ताटातली भाजी पाणसळीत वाढून घ्यायचा, तो?

मुकादम पायरीवर बसले होते. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. "कोणी केलं हे?"

त्यांनी आधी माझ्या मुलाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच, वहिनी. त्या दिवशी काम दुपारीच थांबवावं लागलं. दादा नव्हता तिथे. मला जी फळी हाताशी लागली ती मी लावली."

"हे नव्हते म्हणून काय झालं? कुठे गेले होते असे?"

"लांब नव्हता गेला," ते म्हणाले. "दुसऱ्या दिवशी आला तेव्हा काँक्रीट कडक झालेलं. तोडायचं म्हणत होता. मीच म्हटलं, राहू दे, इथून हातगाड्याच जाणार."

मी त्यांना काय वाटेल ते बोलले. इतकी वर्षं चहा पिताय आमच्याकडे आणि सांगता आलं नाही? हे बिचारे रोज टाच ठोकून बघायचे ते तुमच्या या प्रतापापायी! मुकादमांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. वर म्हणतात, "बोला वहिनी. बरं वाटतंय." निर्लज्जपणाची कमाल.

मग लादी उचलली. भोकांतून घोळ दाबत होते आणि मी ह्यांची पाणसळ सांध्यावर धरून गुडघ्यावर बसले होते. काहीच होत नव्हतं. मग बुडबुडा हलला. एवढी मोठी लादी, डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बुडबुडा चालत होता, कुणाची झोप मोडू नये अशा बेताने. पोरगी म्हणाली, "थांबवा." मी म्हटलं, "अजून जरा." एक दाब आणखी दिला. बुडबुडा मध्यावर आला आणि राहिला.

खाचा कापून झाल्या, सळया आल्या. ग्रीसचा डबा कामगाराने उघडला तर मुकादम काठी टेकत आले आणि तो डबा त्यांनी माझ्या मुलाच्या हातात दिला. "तू लाव. अर्ध्यापर्यंतच."

तो म्हणाला, "काका, मला काय येतंय यातलं? यांना लावू दे ना."

"नाही. हे काम तुझंच राहिलंय."

काय बोलतात ते त्यांचं त्यांना माहीत. ग्रीस वाया जाईल अशी भीती असेल. मुलाने इस्त्रीच्या बाह्या दुमडल्या आणि एकेक सळई अर्ध्यापर्यंत ग्रीस लावून खाचेत ठेवली. शेवटची ठेवताना उकिडवा बसला होता, मान एका बाजूला. हे बसायचे तसा. मी दुसरीकडे बघितलं.

खाचा भरल्या, मधे फट सोडली, फटीत काळी मऊ पट्टी दाबून बसवली. पोरगीने एक तांब्या पाणी मागितलं, सांध्यावर ओतलं, मोबाइलवर त्याचं चित्र घेतलं आणि साहेबांना पाठवलं. पाणी गटाराकडे गेलं. साहेबांचा फोन आला तेव्हा भोंगासुद्धा गप्प होता. बाकीचे दोन सांधेही असेच करायचे ठरलं. डांबर दुसरीकडे जाणार. पोरगीने कामगाराकडून ब्रश घेतला आणि माझ्या भिंतीवरच्या पांढऱ्या रेघेवर फुली मारली.

जाता जाता म्हणाली, "आता नवीन काँक्रीटला पाणी लागेल, काकू. आठवडाभर घाला, हवं तेवढं."

एकदा घालू नका म्हणते, एकदा घाला म्हणते.

मुलगा रिकामा टेम्पो घेऊन गेला. हाताचं ग्रीस निघत नव्हतं. म्हटलं, थोडं राहू दे. मुकादमांना मी दारातून विचारलं, "असा कुठला दिवस होता हो तो?" ते म्हणाले, "इतकं जुनं कुणाला आठवतंय, वहिनी," आणि दारासमोरून जाताना सांध्याशी थांबून त्यांनी टाच ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध तापवलं, भांडी विसळली, दार उघडलं आणि बादलीभर पाणी उंबरठ्यासमोर ओतलं. मग आत जाऊन दुसरी भरून आणली.